उंची 40 : कागदी क्युपोलाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 109 मीटर आहे. त्याचं 1:100 प्रमाणात कागदी मॉडेल केलं, तर ते मीटरभराहून लांब होतं आणि तरीही त्यातला एकेक भाग अंगठ्याएवढाच राहतो. म्हणून या प्रकरणातल्या काका-पुतणीनं पूर्ण स्थानकाचा नाद सोडला आणि एकच भाग मोठा करायचं ठरवलं. तो भाग म्हणजे क्युपोला, स्थानकाचा सात खिडक्यांचा घुमट.

मी या कामात मधूनच शिरलो. आधीचं सगळं त्यांच्या वहीतून आणि दोघांच्या बोलण्यातून कळलेलं आहे. नावं वगळली आहेत, नातं तेच ठेवलं आहे. काकांनी तीस वर्षं टूलरूममध्ये काढली. त्यांची बोटं धातूला सरावलेली, कागदाशी संबंध ड्रॉइंगपुरता. पुतणी अकरावीत, संगणकावर आराखडे काढण्यात तरबेज. मापं काकांनी काढायची, आराखडा तिनं करायचा आणि कापाकापी दोघांनी, अशी वाटणी. विज्ञान प्रदर्शनातल्या एका टेबलावर मॉडेल ठेवायचं होतं आणि हातात पाच आठवडे होते.

खऱ्या क्युपोलाबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचे सगळे निर्णय त्याच्याशी बांधलेले आहेत. युरोपियन अंतराळ संस्थेसाठी तो इटलीत तुरिनला तयार झाला. 8 फेब्रुवारी 2010 रोजी एंडेव्हर यानानं ट्रँक्विलिटी या भागाबरोबर त्याला वर नेलं. जाताना तो ट्रँक्विलिटीच्या टोकाला बसवलेला होता. वर पोचल्यावर तिथून काढून त्याला पृथ्वीकडच्या तोंडाला जोडलं. व्यास 2.95 मीटर, उंची दीड मीटर. बाजूला सहा समलंब चौकोनी खिडक्या, मधोमध 80 सेंटिमीटर व्यासाची गोल खिडकी. प्रत्येक खिडकीत काचेचे चार थर आहेत : आतून ओरखड्यांसाठीची पातळ काच, मग हवेचा दाब पेलणाऱ्या दोन जाड काचा, आणि बाहेर बारीक खड्यांचा मारा झेलणारी एक. खिडकी वापरात नसली की तिच्यावर झाकण येतं, आणि ते आतून हातानं मूठ फिरवून उघडायचं असतं.

प्रमाण ठरलं 1:24. व्यास 123 मिलिमीटर, एकूण उंची 62.5, गोल खिडकी 33.3. दाब पेलणारी एक काच खऱ्यात 25 मिलिमीटर जाड आहे, म्हणजे मॉडेलमध्ये साधारण एक मिलिमीटर. काकांना हा आकडा भारी आवडला. खिडकीला नुसतं भोक नको, तिची जाडी दिसली पाहिजे, असा त्यांचा आग्रह. शिवाय झाकणं उघडझाप झाली पाहिजेत. उघडल्यावर ती पाकळ्यांसारखी पसरतात, आणि छायाचित्रात क्युपोला ओळखू येतो तो त्या पाकळ्यांमुळेच.

आकार त्यांनी सोपा करून घेतला. खाली गोल कडं, त्यावर षट्कोनी घुमट, वर सपाट षट्कोन आणि त्यात गोल खिडकी. 123 हे माप खालच्या षट्कोनाच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांमधलं धरलं, म्हणजे त्याची एक बाजू 61.5. वरच्या षट्कोनाची बाजू 26.9. कड्याला 22.5 उंची दिली आणि उरलेली 40 घुमटाला.

हा 40 चा आकडा लक्षात ठेवा.

पहिली अडचण : एकच शब्द, दोन मापं

पहिल्या आठवड्यात साध्या पांढऱ्या कागदाचा कच्चा घुमट तयार झाला. सहा समलंब चौकोन एकाला एक जोडून पंख्यासारखे पसरलेले, शेवटच्या कडेला चिकटवायचा कान. घड्या घातल्या, कान चिकटवला, वरचा षट्कोन बसवला. सगळं चपखल जुळलं. कुठे फट नाही, कुठे ताण नाही. वहीत त्या दिवशी पुतणीनं लिहिलंय, "एकदम फिट!" आणि खाली दोन रेघा मारल्या आहेत.

त्यावर विसंबून तिनं त्याच समलंब चौकोनावरून सहा झाकणं आखली, खिडक्यांच्या चौकटी आखल्या. झाकणं कापूनही झाली.

दुसऱ्या आठवड्यात काकांनी कडं तयार करून घुमट त्यावर ठेवला आणि जुन्या सवयीनं शेजारी हाईट गेज, म्हणजे उंची मोजायचं उपकरण, उभा केला. यायला हवे होते 62.5. आले 49.

पुढचा संवाद दोघांनीही मला जवळपास सारखाच सांगितला.

"अगं, उंची कमी झालीय. किती घेतलीस?"

"तुम्ही 40 सांगितलीत, मी 40च घेतली, काका. फाइल बघा."

काकांनी बघितलं. 40च होती. फक्त ती समलंब चौकोनाची उंची होती, शाळेच्या भूमितीत शिकवतात ती, समांतर बाजूंमधलं अंतर. काका म्हणत होते ती घुमटाची उभी उंची. फलक तिरका उभा राहणार, म्हणजे त्याची स्वतःची उंची घुमटाच्या उंचीपेक्षा जास्त असायला हवी. किती जास्त, हे पायथागोरस सांगतो. खालच्या षट्कोनाच्या केंद्रापासून बाजूपर्यंतचं अंतर 53.3, वरच्याचं 23.3. फरक 30. उभी उंची 40, आडवा फरक 30, तर तिरकी उंची 50. तिनं 50 च्या जागी 40 घातल्यामुळे घुमट 26.5 वरच थांबला. साडेतेरा मिलिमीटर गेले.

हिशेबाची चूक कुणाचीच नव्हती. "उंची" हा एकच शब्द दोघं वापरत होते आणि दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी रेघ होती. वहीतही नुसतं "उं. 40" असं लिहिलेलं आहे. कुठून कुठपर्यंत, ते नाही.

मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. कच्च्या घुमटाची जुळणी अगदी निर्दोष होती आणि तिनंच दोघांना फसवलं. सहा सारखे समलंब चौकोन कडेला कड लावून जोडले, की ते बंद होतातच. तिरकी उंची 40 असो, 50 असो, 30 च्या वरचा कुठलाही आकडा असो, घुमट बंद होणार आणि वरचा षट्कोनही नेमका बसणार. आकडा बदलला तर घुमट फक्त बसका किंवा उभार होतो. म्हणजे जुळणी नीट झाली यावरून काय कळलं? सहा फलक एकसारखे कापले गेले, एवढंच. माप बरोबर आहे की नाही, हे त्यातून कळायचा मार्गच नव्हता.

समोरचे पर्याय

इथे त्यांनी मला बोलावलं. टेबलावर तीन पर्याय होते.

पहिला, आहे तसं चालवायचं. बघणाऱ्याला कुठे कळतंय? पण मूळ घुमटाचे फलक साधारण 53 अंशांनी उभे राहणार होते, या बसक्याचे 41 वर आले होते. शेजारी छायाचित्र ठेवलं की फरक दिसायचा. पुतणीच्या शब्दांत, "उपडी थाळी वाटतेय."

दुसरा पर्याय जास्त मोहात पाडणारा होता, आणि तो काकांनीच काढला. कमी पडलेले साडेतेरा मिलिमीटर कड्यात घालायचे. कडं 22.5 ऐवजी 36 चं करायचं. एकूण उंची बरोबर 62.5 येते, झाकणं वाया जात नाहीत, दोन तासांचं काम. हाईट गेज खूश. मी थोडा वेळ या बाजूनं होतो, हे कबूल करतो. ते मोडून काढलं पुतणीनं. ती म्हणाली, "एक माप बरोबर दाखवण्यासाठी आपण दोन मापं चुकीची करतोय." घुमट खोटा होता, त्याच्या जोडीला कडंही खोटं झालं असतं.

तिसरा, तिरकी उंची 50 धरून पुन्हा आखायचं आणि कापलेली झाकणं टाकून द्यायची. तोच ठरला. त्या वेळी तीन आठवडे बाकी होते, त्यामुळे हा निर्णय फार धाडसाचा होता असं नाही. आठवडाभर राहिला असता तर कड्याचाच पर्याय घेतला असता, असं काका आजही म्हणतात.

केलेली दुरुस्ती, आणि तिच्यातली घाई

पुतणीनं एक फलक सरळ उभा आखून त्याच्या सहा प्रती फिरवून जोडल्या होत्या. आता तिला एक सोपी युक्ती सुचली. वरची आणि खालची बाजू बदलत नाही, फक्त उंची 40 ची 50 करायची आहे. मग तो एक फलक उभ्या दिशेनं सव्वापट ताणायचा. बाह्यरेषेपुरतं हे अगदी बरोबर आहे.

पण फलकाबरोबर त्याच्यावरचं सगळंच ताणलं गेलं. खिडकीच्या चौकटीची खालची पट्टी 4 ची 5 झाली. झाकणांवरचे बोल्टांचे गोल ठिपके अंडाकृती झाले. छापील कागद हातात आल्यावर काकांनी भिंगातून पाहिलं आणि म्हणाले, "हे बोल्ट कुणी पिळले?" पुन्हा आखणी, पुन्हा छपाई. एक संध्याकाळ गेली.

छपाईवरून आठवलं. दुसऱ्या खेपेला घरचा प्रिंटर रुसला म्हणून कड्याचे कागद दुसरीकडून छापून आणले. पुतणीनं प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात 100 मिलिमीटरची एक रेघ छापायची सवय लावून घेतली होती. ती मोजली तर 97 भरली. छापताना "पानात बसवा" हा पर्याय निवडलेला राहिला होता. कड्याचा घेर 334.6 यायला हवा होता, तो 324.6 आला असता, म्हणजे सेंटिमीटरभर तोकडा. रेघ होती म्हणून वाचलो. त्या रेघेला तिनं नाव ठेवलंय, "पहारेकरी".

कडं स्वतः फारसा त्रास न देता झालं. ए-फोर पानाची लांबी 297, म्हणून पट्टी एका तुकड्यात मावत नव्हती. दोन तुकडे केले आणि सांधे समोरासमोर आणले. कागदाचा तंतू कड्याच्या अक्षाला समांतर ठेवला, त्यामुळे पट्टी न मोडता वळली. तीन थर एकावर एक चढवायचे होते. कार्ड 0.2 मिलिमीटर जाडीचं, म्हणून बाहेरचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा 1.26 मिलिमीटर लांब कापला. कडं लहान असो की मोठं, ही वाढ तेवढीच राहते, हे पुतणीला आधी पटलं नाही. तिनं बांगडी आणि बादली दोन्हींवर पट्टी गुंडाळून खात्री करून घेतली. तुरळक मजेच्या गोष्टींपैकी ही एक. कड्याच्या काठावर बोल्टांच्या सोळा खुणा केल्या, साडेबावीस अंशांवर एकेक. खऱ्या सांध्यात सोळा बोल्टच असतात.

दुसरी अडचण : कागदाला जाडी असते

प्रदर्शनाला नऊ दिवस राहिले असताना खरा पेच पडला.

खिडकीची जाडी दिसावी म्हणून प्रत्येक फलकाच्या आतून कार्डाच्या पाच थरांची चौकट चिकटवली होती. पाच थर म्हणजे एक मिलिमीटर, म्हणजे काकांची लाडकी काच. सहा फलकांचे मिळून तीस तुकडे. ते कापायला चार संध्याकाळी लागल्या होत्या. सगळं सपाट असतानाच चिकटवून घेतलं, कारण घुमट बंद झाल्यावर आत हात जात नाही. चौकटी घडीच्या रेघेपासून पाव मिलिमीटर आत ठेवल्या होत्या. पुतणीनं हे अंतर अंदाजानं दिलं होतं.

मग घड्या घालायला सुरुवात केली. पहिली घडी थोडी वळली आणि थांबली. दुसरी, तिसरी, तेच. जोर लावला की बाहेरच्या कार्डावर पांढऱ्या सुरकुत्या उठायला लागत. शेजारशेजारच्या चौकटींच्या आतल्या कडा एकमेकींना भिडत होत्या.

मी कागदावर हिशेब मांडला. या घुमटात प्रत्येक घडी साधारण 47 अंश वळायला हवी. आतून एक मिलिमीटर जाडी असेल तर प्रत्येक चौकट घडीपासून 0.44 मिलिमीटर मागे असायला हवी. पाव मिलिमीटर मागे ठेवली तर घडी 28 अंशांवर अडते. आमची तिथेच अडली होती. घुमट बंद होण्याऐवजी उघड्या द्रोणासारखा पसरून बसला होता.

कच्च्या घुमटात हे दिसलं नव्हतं, कारण तो एका कागदाचा होता. त्याला आत जाडी नव्हतीच.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पत्रा असता तर मी पहिल्या दिवशी विचारलं असतं, जाडी आतून धरायची की बाहेरून. कागद म्हटल्यावर विसरलो." मला हे वाक्य फार खरं वाटलं. माणूस तीस वर्षं जाडीचा हिशेब करत आला आणि कागद हातात आल्यावर तोच म्हणाला, याला कसली आलीय जाडी.

दुसऱ्या वेळचे पर्याय

चौकटी नव्यानं छापून कापणं हा सरळ मार्ग होता. पण तीस तुकडे, चार संध्याकाळी, वर चिकटवणं आणि वाळवणं. नऊ दिवसांत झालं असतं, फक्त झाकणांच्या बिजागऱ्यांना वेळ उरला नसता.

दुसरा, प्रत्येक चौकटीचे दोन थर सोलून काढायचे. तीन थर म्हणजे 0.6 जाडी. तेवढ्याला पाव मिलिमीटरचं अंतर जवळपास पुरतं. गणित छान जमत होतं. पण पांढऱ्या गोंदानं चिकटलेलं कार्ड सोलायला घेतलं की ते थरातून न सुटता मधूनच फाटतं. एका रद्दी तुकड्यावर करून पाहिलं आणि तो विचार सोडला.

तिसरा, सहा फलक घडीवर कापून वेगळे करायचे आणि कडा तासून सुटे जोडायचे. काकांना हा धातूचा मार्ग जवळचा वाटला. मला भीती होती की सहा सुटे फलक एका कोनात धरायला साचा लागेल, आणि साच्यात आणखी दोन दिवस जातील.

चौथा, घड्या तशाच ठेवून चौकटींच्या कडा जागच्या जागी तिरक्या घासायच्या. किती घासायचं? पाव मिलिमीटर आधीच सोडलेलं होतं. सगळ्यात आतल्या थरावर जेमतेम 0.19 मिलिमीटर काढायचं होतं, म्हणजे एका कार्डाच्या जाडीइतकं. ही संख्या ऐकल्यावर खोलीतली हवाच बदलली. आधी संकट केवढं तरी वाटत होतं, आणि ते होतं एका कार्डाएवढं, फक्त बारा कडांवर.

केलेली कृती, आणि माझी चूक

काकांनी लाकडाचा एक पाचर तासला, कोन साधारण 24 अंश, घडीच्या निम्मा. त्यावर बारीक पॉलिश पेपर चिकटवला. पाचर फलकावर टेकवून सरकवला की कड आपोआप योग्य कोनात घासली जाते. एकदम खऱ्या तुकड्यावर हात टाकायचा नाही, हे त्यांनी बजावलं. रद्दी कार्डाचे दोन फलक, त्यांवर पाच थर, मधली घडी, असा चाचणीचा जोड केला.

पहिल्या चाचणीत कडा घासल्या गेल्या नाहीत, पिंजल्या. कार्डाचे तंतू कापसासारखे उभे राहिले. तेव्हा मी सुचवलं की कडेला पातळ झटपट गोंद मुरवा. कागद तो पितो, प्लॅस्टिकसारखा कडक होतो आणि मग स्वच्छ घासला जातो. दुसरी चाचणी सुरेख झाली. घडी 47 अंशांपर्यंत आली आणि आतल्या कडा एकमेकींना टेकून थांबल्या, दार चौकटीत बसावं तशा.

मग खऱ्या घुमटावर काम सुरू झालं. एका कडेला वीस मिनिटं. एक गोंद मुरवतोय, दुसरा घासतोय. रात्री साडेअकराला बाराही कडा झाल्या आणि घुमट बंद झाला.

सकाळी पुतणीचा फोन आला. "खिडक्यांना मोतीबिंदू झालाय."

दिसतं कसं ते बघायला म्हणून दोन खिडक्यांत पारदर्शक शीट आधीच बसवलेली होती. झटपट गोंदाची वाफ शेजारच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि पांढरट धुकं धरते. हे मला ठाऊक होतं. स्वतः दोनदा भोगलेलं होतं. पण गोंदाचा सल्ला देताना मी चाचणीच्या तुकड्याकडे पाहत होतो आणि त्यात शीट नव्हती. खऱ्या फलकांवर काय काय बसवून झालंय, हे मी विचारलंच नाही. त्यांनी सांगायला हवं होतं असं म्हणता येईल, पण ज्याला धोका माहीत आहे त्यानं विचारायचं असतं.

उरलेल्या चार खिडक्यांना आणि गोल खिडकीला शीट नंतर बाहेरून बसवली, पांढऱ्या गोंदाचे बारीक ठिपके देऊन. धुकं धरलेल्या दोन शीट थरांच्या मध्ये अडकल्या होत्या. काढायला गेलो तर चौकट उचकटली असती. कापूस, पाणी, सगळं झालं. डाग थोडा फिका झाला, गेला नाही.

शेवटी तोडगा काकांनी सांगितला, "झाकणं कशाला आहेत मग?"

निष्पत्ती

मॉडेल वेळेत टेबलावर गेलं. एकूण उंची 62, ठरल्यापेक्षा अर्धा मिलिमीटर कमी. कड्याचे सांधे शोधावे लागतात. चार झाकणं आणि गोल खिडकीचं झाकण उघडतात, मिटतात. दोन झाकणं कायमची बंद आहेत. खऱ्या क्युपोलातही सगळी झाकणं सदैव उघडी नसतात, त्यामुळे बघताना खटकत नाही. याला लबाडी म्हणायचं की तडजोड, यावर आमच्यात एकमत नाही.

ठेवायचं कसं, यावरही शेवटच्या दिवशी वाद झाला. खरा क्युपोला पृथ्वीकडे तोंड करून आहे, म्हणजे घुमट खाली हवा. पण तसा टांगला तर आतलं काही दिसत नाही. घुमट वर करून ठेवला आणि शेजारी कार्डावर दिशा लिहिली. ते कार्ड फारसं कुणी वाचलं नाही. बरेच जण "वेधशाळा आहे का?" असं विचारत होते.

वेगळं काय करता आलं असतं

दोघांना मी वेगवेगळं विचारलं आणि उत्तरं वेगळी आली.

काकांचं म्हणणं, कच्चा घुमट बंद झाला त्याच संध्याकाळी हाईट गेज लावायला हवा होता. अर्ध्या मिनिटाचं काम. ते आठवडाभर राहिलं, कारण जुळणी इतकी सुंदर होती की मोजावंसंच वाटलं नाही. त्यात मी एवढंच घालेन की मोजायचं माप आराखड्यात न घातलेलं असावं. पुतणीनं कच्च्या घुमटाच्या फलकाची उंची पट्टीनं मोजली असती तर 40च भरली असती आणि चूक आणखी पक्की झाली असती. एकूण उंची आराखड्यात कुठेच थेट लिहिलेली नव्हती, म्हणून तिनंच खरं सांगितलं.

पुतणीचं उत्तर शब्दांबद्दल होतं. आता तिच्या वहीत "उंची" हा शब्द एकटा येत नाही. "उभी उंची" किंवा "तिरकी उंची", आणि बाजूला दोन टोकं दाखवणारं छोटं चित्र. व्यासाचंही तसंच : "कोपरा ते कोपरा" की "बाजू ते बाजू". षट्कोनात या दोन्हींत तेरा टक्क्यांहून जास्त फरक असतो, आणि 123 चा आकडा आम्ही कोपऱ्यांचा धरला तो आपल्या सोयीनं, हे ती आता उघड लिहून ठेवते.

माझ्या मते जाडीचा पेच टाळायला पूर्ण कच्चं मॉडेल लागलंच नसतं. पहिल्याच आठवड्यात दोन फलक, मधली एक घडी आणि खऱ्या जाडीची चौकट, एवढाच एक कोपरा करून पाहायचा. नऊ दिवस उरले असताना आम्ही चाचणी म्हणून जो जोड केला, तोच आधी करायचा होता. तासाभरात 28 अंशांवर अडलेली घडी हातात आली असती, आणि चौकट 0.44 मागे घेणं हा फाइलमधला एका आकड्याचा बदल होता. पूर्ण घुमट एका कागदाचा करून जे कळलं नाही, ते पूर्ण जाडीच्या एका कोपऱ्यानं सांगितलं असतं.

शीट बसवण्याबद्दल काही म्हणण्यासारखं नाही. काच शेवटी, हे मॉडेल करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. आम्हाला तिघांनाही माहीत होतं.

प्रदर्शनाच्या दुसऱ्या दिवशी एक सात-आठ वर्षांचा मुलगा टेबलाला नाक लावून उभा होता. सगळे बोल्ट मोजून झाल्यावर त्यानं बंद झाकणांकडे बोट दाखवून विचारलं, "ही दोन का उघडत नाहीत?" काका काही बोलायच्या आत पुतणीनं सांगितलं, "आतली काच खराब झालीय. आमच्याच हातानं." त्यानं मान हलवली आणि पुन्हा बोल्ट मोजायला लागला. तो पंधरा म्हणत होता. सोळावा काकांनी त्याला दाखवला, सांध्याच्या अगदी कडेला, गोंदाखाली थोडा दडलेला.